बासगिटारीची पेटी कशी निवडावी?

काळाचौकी-लालबागच्या गणेशोत्सवांत विजेच्या वाद्यांचा घोष नवा नाहीं. मिरवणुकींतील बेंजो म्हणजे ध्वनिवर्धकास जोडलेला बुलबुलतरंगच होय. आतां मंडळाच्या वाद्यवृंदांत जाणारा घरांतील मुलगा बासगिटारीसोबत 'डी. आय. बॉक्स' अथवा 'प्रीअँप' नांवाची पेटीही मागतो. ती कोणती घ्यावी?

गिटारीचा विद्युत्संकेत दुर्बळ असतो. लांब वायरींतून जातांना त्यांतील उंच सूर मंदावतात व गुणगुण शिरते. डी. आय. पेटी त्या संकेतास माइकच्या वायरीयोग्य रूप देऊन मिक्सरकडे धाडते. प्रीअँप त्यास बळ देऊन खर्ज व उंच सुरांचा तोलही साधूं देतो.

निवड वाद्याच्या प्रकृतीवरून करावी. गिटारींत बॅटरी नसल्यास सुमारें १० लाख ओहम रोधाची 'ॲक्टिव्ह' पेटी घ्यावी. ती बहुधा मिक्सरच्या ४८ व्होल्टांवर चालते, म्हणून तशी सोय आहे ना, हें आधीं पाहावें. गिटारींत बॅटरी असल्यास साधी 'पॅसिव्ह' पेटीही पुरते.

परंतु आमच्या मतें खरा प्रश्न निराळाच आहे. गुणगुण घालविण्यासाठीं कोणी प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हें प्राणघातक होय. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें गिटारवादक लेस्ली हार्वे सदोष अर्थिंगमुळें माइकास हात लावतांच रंगमंचावर मृत्यु पावला. गुणगुणीवर उपाय पेटीवरील 'ग्राउंड लिफ्ट'ची कळ हाच. मंडपाचें अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्यावें. म्हणून पेटी घेतांना वडील मंडळींनीं प्रथम ही कळ पाहावी. सुराची गोडी मागाहून.