हंड्याखालची सुट्टी

पाचाडला जिजाऊंचा वाडा आहे. रायगडावरची गार हवा त्यांना मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी तो पायथ्याशी बांधला असं सांगतात. इथल्याच एका विहिरीला ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात. काठावरच्या दगडी तक्क्याला टेकून महाराज पाण्याला आलेल्या बायकांची विचारपूस करत, अशी आख्यायिका आहे. आईमागे छोटी कळशी घेऊन आलेल्या पोरींचा तिच्यात उल्लेख नाही, पण त्या असणारच. पुढच्या साडेतीन शतकांत त्या येतच राहिल्या.

पाचाडच्या या महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण कातळावर आणि उभ्या उतारावर तो ठरत नाही. पऱ्यांतून गांधारी, काळ, सावित्री या नद्यांना मिळतो आणि बाणकोटच्या खाडीत जातो. शिमगा सरला की वरच्या वाड्यांतल्या विहिरी तळ दाखवू लागतात.

पाणी समोर असूनही जातीमुळे मुलाला मिळत नव्हतं, असाही काळ या मुलखाने पाहिला. साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलं आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तो मान्य केला, तरी चवदार तळ्यावर सत्याग्रह करून प्रत्यक्षात ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावं लागलं. तळ्याचा न्यायालयीन निकाल लागला 1937 मध्ये. सत्याग्रहाच्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर दहा वर्षांचं व्हायला आलं होतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अंतराचा होऊन बसला. सरकारी निकष कित्येक वर्षं असा होता: माणशी रोज 40 लिटर, आणि तेही सपाटीवर 1.6 किलोमीटरच्या आत, डोंगराळ भागात 100 मीटर उंचीच्या फरकात. त्यात बसणारी वाडी कागदावर ‘पाणी असलेली’. पाच माणसांच्या घराला 200 लिटर म्हणजे पंधरा लिटरचे तेरा-चौदा हंडे. शंभर मीटरचा चढ डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला हा निकष ठरवणाऱ्यांनी काही विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

टंचाईचा कहर एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत. नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी! त्यामुळे हजेरीपटावर काहीच उमटत नाही. त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी घरी येतात, माणसं वाढतात, हंडे वाढतात. पहाटे विहिरीत झिरपणारं पाणी वाटीने भरायचं, दुपारी टँकरची वाट पाहायची. करवंदं, जांभळं, आट्यापाट्या उरल्यासुरल्या वेळात. आणि हे काम भावापेक्षा बहिणीच्या वाट्याला जास्त. तळाचं गढूळ पाणी पोटात गेलं की जुलाब, कावीळ. जंतुनाशक टीसीएल पावडर टाकली तरी तळाला गेलेल्या विहिरीत ती किती टाकायची याचा अंदाज चुकतो.

2019 मध्ये जलजीवन मिशन आलं. माणशी 55 लिटर, आणि तेही घरातल्या नळाला. पुढच्या वर्षी शाळा-अंगणवाड्यांतल्या नळांसाठी खास मोहीम निघाली. पाणी मोजायची जागा पाणवठ्यावरून उंबऱ्याशी आली, हा बदल मला फार मोठा वाटतो. नळ सकाळी तासभर जरी चालला, तरी मुलीची पहाट मोकळी होते, शाळेत हात धुऊन जेवता येतं आणि वयात आलेल्या मुलीला शाळेचं स्वच्छतागृह वापरता येतं.

पण नळाचं पाणी येणार त्याच झऱ्या-विहिरींतून. उगम आटला की तोटी कोरडी, आणि पोरी पुन्हा उतारावर. मिशनची मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे. तोवर जी काही तपासणी व्हायची ती ऑक्टोबरात नको, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व्हावी. वाडीतल्या सगळ्यात वरच्या घरी जावं, तोटी सोडून पाहावी, आणि त्या घरच्या मुलीला विचारावं की आज सकाळी ती कुठे होती.