एका सॉकेटवर सगळी ऑडिओ सिस्टीम: चालेल, पण जोडणी नीट हवी

अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर, टर्नटेबल, ट्यूनर एकाच सॉकेटवर चालवू नयेत, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. 230 व्होल्टवर 6 अँपिअरचं सॉकेट 1380 वॉटपर्यंत भार पेलतं. साधा घरगुती संच सहसा 400 वॉटच्या आतच राहतो. उलट सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी आलं की ग्राउंड लूपची घरघर बऱ्याचदा कमी होते.

खरा धोका जोडणीत आहे. चार वायरी पिळून एकाच थ्री-पिन टॉपच्या स्क्रूखाली दाबल्या की काही तारा सैल राहतात, तिथे उष्णता वाढते आणि प्लास्टिक वितळू लागतं. त्यापेक्षा जाड तीन-कोअर केबलचा, फ्यूज असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि प्रत्येक उपकरण स्वतंत्र लावा. अर्थची पिन काढली की घरघर जाते, हे काही वेळा खरं असतं. पण मग आत फेज बॉडीला टेकला तर एमसीबी पडेलच असं नाही, आणि सिग्नल केबलच्या जाळीतून फेजचा विद्युतदाब बाकीच्या उपकरणांच्या पत्र्यावरही येतो. तेव्हा अर्थची पिन अजिबात काढू नका, आणि त्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नका.