गिअरबॉक्स बसविताना

कला शाखेच्या वार्षिकांकात गिअरबॉक्सचे काय काम, असे वाचकांना वाटेल. मलाही लेख लिहावयास बसताना तसेच वाटले. कविता मला जमत नाही आणि प्रवासवर्णन लिहावे असा प्रवास घडलेला नाही. जे घडले ते आमच्या घरापुढच्या अंगणात, दिवाळीच्या सुट्टीत, पाठीवर पडून घडले. तेच सांगतो.

आमच्या आबांची एक जुनी मारुती ओम्नी आहे. ही गाडी 1984 साली बाजारात आली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. आमची अर्थातच दुसऱ्याच्या हातून आलेली. पहाटे भाजीच्या पाट्या, दिवसा वडाप आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही, असा तिचा क्रम. आमच्या घरचे पीठमीठ आणि माझी परीक्षेची फी तिच्याच चाकांवर चालते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा चौथीत शाळा सोडून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेले होते.

दिवाळीच्या आधी गाडी चढावर दम सोडू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडे, पण गाडी पुढे सरकत नसे. जळका वासही येई. आबा म्हणाले, "क्लच प्लेट संपली." प्लेट बदलावयाची तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा ऐकून आबा गप्प झाले. रात्री म्हणाले, "सामान तेवढं आणू. काम घरीच करू. तू हायस की सुट्टीला."

आता हे प्रकरण मुळात काय आहे ते थोडक्यात पाहू. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचा एक स्वभाव आहे. ते अगदी हळू फिरत असताना त्याच्या अंगी जोर नसतो आणि उभ्या स्थितीतून तर ते ओझे ओढूच शकत नाही. म्हणून ते आधी मोकळे फिरू द्यावे लागते, मग हळूच चाकांशी जोडावे लागते. हे जोडण्याचे व सोडण्याचे काम क्लचचे. पिठाच्या गिरणीत भय्या पट्टा मोकळ्या चाकावर सरकवितो तेव्हा इंजिन चालू राहते आणि जाते थांबते. क्लच म्हणजे तोच पट्टा समजा. गिअरबॉक्सचे काम निराळे. त्यातील लहानमोठी दातेरी चाके वेग कमी करून जोर वाढवितात किंवा जोर कमी करून वेग वाढवितात. पुढे इंजिन, मागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके, ही मांडणी फ्रान्समध्ये एमिल लव्हासॉर याने 1891 साली पानार कंपनीच्या गाडीत रूढ केली. आमच्या ओम्नीत 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली दडलेले आहे, पण क्रम तोच आहे.

उतरविणे सोपे असते. बॅटरीची तार काढली, गिअरबॉक्समधील तेल काढले, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट ओढून घेतला, क्लचची केबल व गिअरच्या जोडण्या सोडविल्या, बोल्ट काढले आणि गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेतला. एका सकाळीत झाले. आबांनी फक्त एका गोष्टीवर कटाक्ष ठेवला होता. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जावयाचे नाही. चारी बाजूंना लोखंडी घोड्या, चाकांना दगडाची ओटी आणि मग गाडीला धरून जोराने हलवून पाहावयाचे. हलली तर आपण खाली नसलेले बरे!

खरी परीक्षा बसविताना असते. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकातून एक शाफ्ट बाहेर आलेला असतो. त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक खाचा असतात. हा शाफ्ट आधी क्लच प्लेटच्या मधल्या खाचांच्या भोकातून गेला पाहिजे आणि मग त्याचे निमुळते टोक फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या लहानशा बेअरिंगमध्ये शिरले पाहिजे. ही दोन्ही भोके काम करणाऱ्याला दिसत नाहीत. वर गाडी, छातीवर जड डबा आणि डोळ्यांत माती. दोरा ओवावयाचा, पण सुई पाठीमागे धरून, असा हा प्रकार आहे.

म्हणून निम्मे काम गिअरबॉक्स उचलण्यापूर्वीच करावे लागते. क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखी असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले नाहीत तोपर्यंत ती आपल्या वजनाने खाली घसरते. एकदा आवळले की जेथे असेल तेथेच घट्ट बसते. ती त्या वेळी केंद्रात नसेल, तर शाफ्ट बेअरिंगपर्यंत पोचणारच नाही, मग तुम्ही कितीही जोर लावा. यासाठी भंगारातून आणलेला जुना शाफ्ट आबांनी प्लेटमधून थेट बेअरिंगमध्ये घातला. प्लेट त्यावर टांगली गेली. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे असे आवळले. एकच बाजू आधी पिळली तर झाकण वाकते. शेवटी जुना शाफ्ट ओढून पाहिला. तो अलगद आला, म्हणजे केंद्र जुळले.

प्लेटला दोन अंगे असतात. ती उलटी बसली तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा आमच्या गाडीत गिअरबॉक्सकडे येतो. जुनी प्लेट काढतानाच मी तिच्या मागच्या अंगावर खडूने खूण केली होती, ती येथे कामास आली. प्लेटला आणि फ्लायव्हीलला तेलकट हात लावावयाचा नाही. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावयाचे, पण नखावर मावेल इतकेच. जास्त झाले तर फिरताना ते उडून प्लेटवर बसते आणि नवी प्लेटही घसरू लागते. प्लेटला ढकलणारे रिलीज बेअरिंग आबांनी कानाशी धरून फिरवून पाहिले. त्याचा खरखर आवाज येत होता, म्हणून तेही बदलले. एवढे उतरवल्यावर ते जुनेच ठेवणे म्हणजे महिन्याभराने पुन्हा पाठीवर पडणे.

दुपारी आम्ही गिअरबॉक्स उचलला. जॅकवर लाकडी फळी, फळीवर गिअरबॉक्स, मागून आबांचा हात आणि बाजूने माझा. आबांनी गिअर टाकून मागचे टोक हाताने थोडे थोडे फिरविले. असे केल्याने पुढचा शाफ्ट फिरतो आणि खाचेला खाच सापडते. "घावली!" आबा म्हणाले. डबा पुढे सरकला आणि बोटभर फट राहून थांबला.

आम्ही हलविला, फिरविला, मागे घेऊन पुन्हा पुढे ढकलला. तास गेला. फट तेवढीच. माझे हात थरथरू लागले होते. शेवटी मला वाटले, लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आवळत गेले की फट आपोआप मिटेल. मी बोल्ट घातला आणि पाना लावला. अर्धा आटा फिरला असेल तोच आबांनी माझे मनगट धरले. इतके घट्ट की पाना खाली पडला.

"बोल्टानं वडायचं न्हाय," ते म्हणाले. "त्येचा कान तुटला की गाडी भंगारात."

मी चिडून म्हणालो, "आबा, मग काय रात्रभर असंच धरून बसायचं?" ते काही बोलले नाहीत. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते. बोल्टाचे भोक असलेला त्याचा कान जोराने ओढला तर तडकतो. बोल्टाचे काम जुळलेले धरून ठेवण्याचे आहे, न जुळलेले जुळविण्याचे नाही, हे मला नंतर उमगले. त्या वेळी फक्त अपमान वाटला होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून मोटारगाड्यांचे एक पुस्तक आणून त्यातील आकृत्या मीच आबांना समजावून दिल्या होत्या ना!

आई चहा घेऊन आली. वाकून बॅटरीच्या उजेडात तिने पाहिले आणि म्हणाली, "आवं, वरनं चिकटलंय आन् खालनं उघडंय. जात्याची तळी तिरकी धरली तर खिळ्यावर बसतीय व्हय?"

आम्ही दोघांनी पाहिले. खरेच, वर फट नव्हती, खाली होती. कारणही लगेच ध्यानात आले. गिअरबॉक्स काढल्यावर इंजिनाचा मागचा आधार गेलेला असतो. मी इंजिनाखाली ठोकळा ठेवला होता, पण तो दिवसभरात मातीत रुतला होता आणि इंजिनाचे मागचे टोक खाली झुकले होते. इंजिन तिरके आणि गिअरबॉक्स सरळ, मग तोंडे जुळणार कशी? चूक माझ्या ठोकळ्याची होती आणि राग मी लोखंडावर काढत होतो.

दुसऱ्या जॅकने आम्ही इंजिनाचे मागचे टोक अंगठाभर वर घेतले. फट चहूबाजूंनी सारखी दिसू लागली. आबांनी मागचे टोक एकदा फिरविले, मी तळहाताने हलके ढकलले आणि गिअरबॉक्स "टक्" असा आवाज करून जागेवर बसला. जोर लागलाच नाही. कवचांच्या खुंट्या भोकांत शिरल्या होत्या. मग बोल्ट हातानेच आत गेले आणि समोरासमोरचे आवळले. या सगळ्या वेळात जॅक काढला नव्हता. गिअरबॉक्स नुसत्या शाफ्टवर लोंबकळू दिला तर प्लेटचा मध्य वाकतो, हे येथे सांगून ठेवतो.

पुढची कामे उजेडातली. मागचा आधार बांधला, लांब शाफ्ट घातला, गिअरच्या जोडण्या केल्या. बाजूच्या भोकातून तेल बाहेर ओघळू लागेपर्यंत भरले. क्लचची केबल जोडताना पेडल सुरुवातीला थोडे मोकळे हलेल असे ठेवले. ही मोकळीक नसेल तर बेअरिंग सतत टेकून राहते आणि नवी प्लेटही झिजते. गाडी घोड्यांवर असतानाच चालू करून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा भाजी भरून निघाले. गावाबाहेरच्या चढावर गाडीचा आवाज एकसारखा राहिला, तो मी अंथरुणात पडून ऐकला.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर दिसतात. विजेच्या मोटारीला उभ्यानेच जोर असतो, म्हणून बहुतेकींना क्लच नाही व बदलावयाचे गिअरही नाहीत. पुढे कधी अंगणात असे पाठीवर पडण्याची वेळ कोणावर येणार नाही. ते चांगलेच आहे.

माझ्या मनगटावर आबांच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. सुट्टी संपवून परत येताना मी ग्रंथालयाचे ते पुस्तक पिशवीत घातले, तेव्हा आबा म्हणाले, "त्यात इंजान खाली झुकतंय ते लिवलंय का बघ." मी पाहिले. एका ओळीत लिहिले होते, इंजिनास आधार द्यावा. मी ती ओळ वाचली होती आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

(द्वितीय वर्ष, कला)