घोड्याचे निश्चल राहणे आणि निर्भय होणे

लहान मुलांच्या स्वारीसाठी घोडा पाहताना तो 'गरीब' आहे काय, एवढेच बहुधा विचारले जाते. वस्तुतः हा प्रश्न स्वभावाइतकाच शिक्षणाचाही आहे. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी होय. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने सभोवारचे बहुतेक सर्व त्यास दिसते. मात्र शेपटीमागील भाग आणि कपाळासमोरील व नाकाखालील थोडी जागा दृष्टीआड राहते. साहेबाच्या पुढून व घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण म्हणूनच निम्मीच सावधगिरी शिकविते. मूल पुष्कळदा नेमके घोड्याच्या तोंडाखाली जाऊन उभे राहते.

ख्रिस्टेन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. दोन वर्षांच्या २७ नवशिक्या डॅनिश घोड्यांस हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय तीन पद्धतींनी लावण्यात आली : काहींपुढे ती प्रथमपासून पूर्ण स्वरूपात आणली, काहींपुढे पायरीपायरीने, तर काहींच्या बाबतीत तिची सांगड खाद्याशी घातली. पायरीपायरीने शिकविलेले घोडे कमी वेळा बुजले, त्यांस पाठही कमी लागले, आणि अखेर ते सर्व शांत झाले. अन्य गटांतील काही झाले नाहीत. याहून महत्त्वाचे असे की, बुजणे थांबल्यावरही हृदयाच्या ठोक्यांतील चढउतार टिकून राहिले. अर्थात, उभा राहिलेला घोडा निर्भय झालाच असे मानता येत नाही.

शिंगरास बांधून घालून, ते थकून स्तब्ध होईपर्यंत त्याच्याभोवती गोंगाट करण्याची रीत या दृष्टीने सदोष ठरते. तिने स्तब्धता साधते. भीती आत राहू शकते. याउलट फडके, छत्री, फुगा, किंकाळी, बरगड्यांवर आपटणाऱ्या टाचा यांचा परिचय दुरून व सौम्यपणे, आणि प्रथम जाणत्या मनुष्याच्या हातूनच व्हावा. घोडा शांत असतानाच वस्तू दूर न्यावी. तो उधळल्यावर नेल्यास उधळल्याने संकट टळते, हाच पाठ तो गिरवितो. (मूल व शिंगरू यांनी बरोबरीने शिकावे, ही कल्पना गोड खरी, परंतु उभयतांस घातक.)

मुलास खोगिरावर बसविण्यापूर्वी निव्वळ पायांकडे पाहून भागणार नाही. मान ताठ, शेपूट आवळलेली, नाकपुड्या फुललेल्या आणि समोरचा दाणा तसाच, असे दिसल्यास शिक्षकाने एक पायरी मागे यावे व त्या दिवशी स्वारी देऊ नये.