खाडीकाठचा मुसाफिरखाना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

समुद्राला ओहोटी लागली, की शहरातल्या माणसाला उघडा पडलेला चिखल तेवढा दिसतो. आपण नाकाला रुमाल लावून पुढं जातो. पण ऑक्टोबर ते मार्च या काळात त्याच चिखलाकडे पाच मिनिटं टक लावून पाहिलं, तर तो चिखल हलायला लागतो. मातकट रंगाचे ठिपके पळतात, थांबतात, चोच खुपसतात, पुन्हा पळतात. हे आपले हिवाळी पाहुणे. मराठीत त्यांना तुतारी, टिलवा, चिखल्या अशी गोड नावं आहेत. कर्ल्यू आणि गॉडविट ही त्यांची लांब चोचीची भावंडं.

मी भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वस्तीत राहतो. नाव देवांच्या राजधानीचं, पण शेजार वसईच्या खाडीचा आणि मिठागरांचा. इथली बहुतेक माणसं कुठून तरी आलेली आहेत. कुणी कोकणातून, कुणी गुजरातेतून, कुणी उत्तर प्रदेशातून. हिजरी सन ज्या घटनेपासून मोजतात, ती इसवी सन 622 मधली हिजरत म्हणजेही स्थलांतरच. माणूस सहसा आयुष्यात एकदा घर सोडतो आणि त्याची आठवण जन्मभर सांगतो. ही पाखरं मात्र वर्षातून दोनदा घर सोडतात.

टिलव्याचंच पाहा. चिमणीएवढा जीव, वजन 25-30 ग्रॅम. त्याचं माहेर सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथं झाड उगवत नाही. जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही, बर्फ वितळतं, किड्यांची रेलचेल होते. तेवढ्या दीड-दोन महिन्यांत अंडी, पिल्लं, सगळं उरकायचं. मग दक्षिणेकडे कूच. आपल्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर सहा हजार किलोमीटरहून अधिक. चिखल्यांच्या काही जाती तिबेटच्या पठारावरून उतरतात, तर लाल पायांच्या टिवळ्यांपैकी काही लडाखमधून.

नवलाची गोष्ट अशी, की यातल्या अनेक जातींमध्ये मोठे पक्षी आधी निघून जातात. पिल्लं काही आठवड्यांनी, वाट दाखवायला कुणी नसताना निघतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधारानं ती बरोबर पोचतात. हे पक्षी किती दम धरू शकतात, तेही आता उपग्रहामुळं कळलं आहे. 2022 मध्ये गॉडविट कुळातल्या एका कोवळ्या पक्ष्यानं अलास्का ते टास्मानिया हे 13,560 किलोमीटरचं अंतर अकरा दिवसांत, कुठंही न उतरता कापलं. निघण्यापूर्वी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि पोट-आतड्यांसारखे अवयव आकसून घेतात. प्रवासात जेवायचंच नाही, तर ते ओझं कशाला वाहायचं?

ही चरबी येते कुठून? आपल्या चिखलातून. त्यात कृमी, शिंपले, बारीक खेकडे ठासून भरलेले असतात. चिखल्याची चोच आखूड, तो डोळ्यांनी हेरून वरचं टिपतो. तुतारी बोटभर खोल जाते. कर्ल्यूची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात पोचते. एकाच ताटात जेवायचं, पण कुणी कुणाच्या घासाला हात लावायचा नाही, असा हा शिस्तीचा मामला आहे.

पाहायला जायचं तर भरती-ओहोटी कळायला हवी. किनाऱ्यावरचे कोळी बांधव तोंडी हिशेब करतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमारास. भरतीच्या दोन-तीन तास आधी जावं. चढतं पाणी पाखरांना आपल्याकडे ढकलत आणतं. म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या सकाळी नऊ-साडेनऊ ही उत्तम वेळ. जेसल पार्कच्या खाडीकाठी, नाहीतर उत्तन-गोराईच्या किनाऱ्यावर एका जागी शांत बसावं. आठपट दिसणारी दुर्बीण पुरे. पाखरं उडवून फोटो काढू नयेत. उडण्यात खर्च झालेली चरबी त्यांना पुढच्या मुक्कामापर्यंत नडते. कुरवांना शेव-गाठिया टाकण्याची हौसही आवरावी.

आता खरा प्रश्न. भरती आली, चिखल बुडाला, की ही पाखरं जातात कुठं? त्यांना पोहत बसता येत नाही आणि खारफुटीच्या दाट झाडीत ती सहसा उतरत नाहीत, कारण तिथून शत्रू दिसत नाही. त्यांना हवी उघडी, उथळ पाण्याची जागा. ती जागा म्हणजे मिठागर. ओहोटीचा चिखल ही त्यांची खानावळ, तर मिठागर हा मुसाफिरखाना. दोन्हींपैकी एक बंद झालं, तर दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.

खारफुटीच्या बाजूनं आज कायदा उभा आहे. खारफुटीची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये म्हटलं. ठाणे खाडीत 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. मिठागरांचं नशीब तसं नाही. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत मिठासाठी माणसानं बांधलेल्या जागा पाणथळ या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. पाखराला मात्र बांध माणसानं घातला की निसर्गानं, याच्याशी कर्तव्य नसतं. मिठाचा धंदा आटला, की तीच जागा ‘रिकामी जमीन’ म्हणून ओळखली जाते. आणि मुंबईलगत रिकामी जमीन फार काळ रिकामी राहत नाही.

घरं नकोत, असं मी म्हणणार नाही. मीही अशाच भरावाच्या मुलखात घर शोधत आलेला माणूस आहे. पण कुठलं मिठागर राखायचं, हे ठरवायला तिथं कोण उतरतं याचा कागद हवा, आणि तो कागद तुम्ही-आम्ही तयार करू शकतो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून ती चालू आहे आणि तिचं बरंचसं काम हौशी माणसंच करतात. तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि अंदाजे संख्या, एवढं वहीत लिहिता आलं तरी पुरे. नाव ओळखता आलं नाही, तर चोचीची लांबी आणि पायांचा रंग लिहावा, जाणकार पुढचं सांगतात. एप्रिल-मेपर्यंत ही मंडळी निघून जातात. त्यांच्या मुक्कामाची नोंद तेवढ्या अवधीत व्हायला हवी.