पडद्यावरचा अड्डा आणि कारखान्याची शेड

सिनेमातला खलनायक ओळखायला आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. त्याचा अड्डा तळघरात, दिवे लाल-निळे आणि भोवती बंदूकधारी टोळी! शेवटच्या रिळात त्याच्या हातांत बेड्या पडल्या, की आपण निर्धास्त मनाने घरी परततो. मादक पदार्थांचा व्यापार म्हणजे कुणा एका दुष्ट माणसाचे कृत्य, अशी आपली समजूत होऊन बसते.

समाजशास्त्राला ही समजूत मान्य नाही. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन अभ्यासकाने १९३८ साली लिहिले, की समाज श्रीमंतीचे ध्येय सर्वांपुढे ठेवतो, पण तिकडे जाणारी सरळ वाट सर्वांना मोकळी ठेवत नाही. मग काही जण आडवाट धरतात. 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या मराठी चित्रपटात नेमके हेच आहे. जमीन विकली जाते, पैसा उडून जातो आणि शेतकऱ्याचा मुलगा टोळीत शिरतो. चाकणच्या परिसरातही शेते जाऊन कारखाने आले. तेव्हा ही कथा आपल्याला परकी नाही.

परंतु, वाचकहो, मर्टनच्या सिद्धान्ताने सारे उलगडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले. तपासाचा धागा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत याच पदार्थाचा मोठा साठा सापडला; अटक झालेल्यांत एक रासायनिक अभियंताही होता. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. पण रसायने, यंत्रे आणि जाणकार हात यांवाचून असा माल तयार होत नाही, एवढे उघड आहे.

येथे एडविन सदरलँड आठवतो. त्याच्या मते गुन्हा रक्तातून येत नाही, तो शिकला जातो. तोही जवळच्या माणसांच्या संगतीत. हातातले कसब शिकावे लागते, तशीच 'एवढ्याने काय होते?' ही मनाची समजूतही. प्रतिष्ठितांच्या, म्हणजे पांढरपेशांच्या, गुन्हेगारीकडे अभ्यासकांचे लक्ष त्यानेच १९३९ साली वेधले. 'उडता पंजाब' (२०१६) हा चित्रपट औषधाच्या कारखान्यापर्यंत पोचतो, म्हणून तो इतरांहून वेगळा वाटतो.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. तेथल्या पेनिसिलिनने कित्येकांचे प्राण वाचवले. रसायनशास्त्र तेथेही होते आणि मेफेड्रोनच्या शेडमध्येही तेच असते. फरक संगतीचा, आणि आपल्या घरात कशाला प्रतिष्ठा मिळते याचा. मुलाला पगार किती मिळतो हे आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण तो पैसा कशातून येतो, हे त्याला कितीदा विचारतो?

दिवाळीच्या सुटीत मुलांबरोबर असा एखादा सिनेमा पाहाल, तेव्हा खलनायक मेला म्हणून लगेच उठू नका. त्याला हे कुणी शिकवले, माल कुणी विकत घेतला आणि शेजारी गप्प का राहिले, एवढे फराळाच्या वेळी मुलांना जरूर विचारा.