चेतकचं ऑइल आणि घाटाचा उतार

बजाजने १९७२ साली आणलेली चेतक स्कूटर आजही वरवे बुद्रुकसारख्या महामार्गालगतच्या गावात कुणाच्या पडवीत सापडू शकते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि क्रँकला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल हेच वंगण. प्रमाण लिटरला २० मिलि. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून सढळ हाताने ओतलं, की धूर निघतो, प्लग काळा-ओला होतो, सायलेन्सर कार्बनने तुंबतो. निरोगी प्लगचं टोक चॉकलेटी दिसतं. पांढुरकं असेल तर हवा जास्त होतेय, कार्बोरेटर बघा.

कात्रजचा जुना घाट गियरमध्ये, थ्रॉटल बंद ठेवून उतरू नका. पेट्रोल आटलं की वंगणही आटतं. मधूनमधून क्लच दाबून जरा रेस द्यावी.